सायफाय बघायला घेताय? मग 'इंटरस्टेलर' जरा मागे ठेवा

"मी सायफाय, म्हणजे विज्ञानकल्पनेवरचे सिनेमे, कधी बघितलेच नाहीत, कुठून सुरू करू?" असं चार मित्रांत विचारून बघा. तिघं 'इंटरस्टेलर' म्हणतील. चौथा 'टेनेट' म्हणेल, त्याचं तर अजिबात ऐकू नका. 'इंटरस्टेलर' मलाही आवडतो. २०१४चा हा सिनेमा फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्याकडे आयमॅक्सला परत लागला, तेव्हा दहा वर्षं जुन्या सिनेमाची तिकिटं मिळेनाशी झाली होती. पण पहिलाच म्हणून तो नको. १६९ मिनिटांची लांबी, मध्येच कागदाला घडी घालून समजावलेलं वर्महोल (अवकाशातली आडवाट), आणि शेवटचा असा भाग की ज्यावर जुनेजाणतेही अजून भांडतात. नवखा माणूस अर्ध्यात झोपतो, नाहीतर "आपलं फिजिक्स कच्चं आहे, हे आपलं काम नव्हे" असं ठरवून मोकळा होतो. फिजिक्सचा इथे फारसा संबंध नाही, हे त्याला कुणी सांगतच नाही.

म्हणून हा क्रम. गेल्या दहा-बारा वर्षांतलेच सिनेमे घेतलेत, लहानापासून मोठ्याकडे जाणारे. प्रत्येकासोबत भांडायचा मुद्दाही दिलाय, कारण सायफाय एकट्याने बघून गप्प झोपून जाण्याचा प्रकार नाही. निम्मी मजा नंतरच्या वादात असते.

आधी एवढंच डोक्यात ठेवा

चांगल्या सायफायमध्ये एक 'समजा' असतो. समजा, दोन मिनिटांनंतरचं दिसायला लागलं. समजा, यंत्राला मन फुटलं. ही एक सूट प्रेक्षकाने द्यायची, आणि त्या बदल्यात दिग्दर्शकाने पुढचं सगळं त्या नियमाला धरून दाखवायचं. पत्त्यांत नियम काहीही चालतात, डाव अर्ध्यात आल्यावर बदलले की भांडण होतं, तेच इथे. विज्ञान पुस्तकातल्यासारखं बरोबर आहे का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: सिनेमाने स्वतःचा शब्द पाळला का?

पायरी पहिली: एक खोली, चार माणसं, खर्च जवळपास शून्य

सुरुवात जपानी 'बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स'ने (२०२०) करा. जेमतेम ७० मिनिटांचा विनोदी सिनेमा आहे. काटो नावाचा कॅफेवाला वरच्या मजल्यावर राहतो. खोलीतल्या कम्प्युटरच्या पडद्यावर त्याला तो स्वतःच दिसतो, खालच्या कॅफेतून बोलताना: मी दोन मिनिटांनंतरचा तू आहे. गिटारची हरवलेली पिक कुठे पडलीय तेही सांगतो. काटो धावत खाली जातो. तिथल्या टीव्हीवर त्याला दोन मिनिटांपूर्वीचा, खोलीतला तो दिसतो, आणि आता मघाशी ऐकलेली वाक्यं त्यालाच म्हणावी लागतात. थोड्या वेळाने मित्रमंडळी वरचा मॉनिटर खाली आणून टीव्हीसमोर धरतात. आरशासमोर आरसा! दोन मिनिटांची चार होतात, चाराची सहा. सगळा सिनेमा एका दमात, न कापता घेतल्यासारखा दिसतो, आणि तो चक्क फोनवर चित्रित केलेला आहे.

बघताना एका गोष्टीवर नजर ठेवा. भविष्यात जे दिसलं ते तसंच करायला ही मंडळी कितपत बांधील आहेत? कुणी मुद्दाम वेगळं वागलं तर काय होईल? सिनेमाकडे याचं उत्तर आहे. ते पटतं की नाही, हा तुमचा पहिला वाद.

त्यानंतर 'कोहिरन्स' (२०१३). आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू चाललाय, वीज जाते. गल्लीत एकाच घरात उजेड दिसतो. दोघं तिकडे बघायला जातात. याच्यापुढे मी काही सांगत नाही. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किट यांनी हा सिनेमा स्वतःच्याच घरात पाच रात्रींत उरकला. नटांना पूर्ण संहिता दिलीच नव्हती. ज्याच्या-त्याच्या वाट्याचे मुद्दे तेवढे ज्याच्या-त्याच्या हातात. त्यामुळे पडद्यावरचा गोंधळ बऱ्याच अंशी खरा आहे, सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. सबटायटल्स लावाच. आणि चमकणाऱ्या रंगीत कांड्यांवर लक्ष ठेवा, कुणाच्या हातात निळी आहे आणि कुणाच्या लाल.

हे दोन बघून झाले की एक गैरसमज आपोआप जातो: सायफाय म्हणजे अंतराळयान आणि हजार कोटींचं बजेट, हा.

पायरी दुसरी: 'एक्स माकिना'

अॅलेक्स गार्लंडचा २०१४चा सिनेमा. घरात पोरं किंवा सासूसासरे असतील त्या वेळी लावू नका, नग्नता आहे. एका मोठ्या कंपनीतला तरुण प्रोग्रॅमर केलेब मालकाच्या डोंगरातल्या एकाकी घरी आठवडाभर राहायला जातो. काम एकच: मालकाने बनवलेल्या एवा नावाच्या यंत्रस्त्रीशी काचेपलीकडून बोलायचं आणि तिला खरंच जाणीव आहे का ते सांगायचं.

या सिनेमात घराची वीज अधूनमधून जाते. दिवे लाल होतात, कॅमेरे बंद पडतात, आणि तेवढ्या वेळापुरती एवाची भाषा बदलते. कॅमेरा चालू असतानाची एवा आणि बंद असतानाची एवा, दोघी नीट ऐका. तिचा चेहरा माणसाचा, पोट आणि दंड जाळीदार, पारदर्शक. हे काम इतकं बेमालूम आहे की २०१६मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर याला मिळालं, तेही 'स्टार वॉर्स', 'मॅड मॅक्स' असले अवाढव्य सिनेमे स्पर्धेत असताना.

वादाचा मुद्दा: एवाला केलेबबद्दल खरंच काही वाटत होतं, की तिला फक्त बाहेर पडायचं होतं? बहुतेक लोक एक बाजू धरून बसतात. माझं मत विचाराल तर प्रश्नच तिरका आहे. बाहेर पडावंसं वाटणं हेही वाटणंच झालं की. आणि परीक्षा नेमकी कुणाची चालली होती, हे तर शेवटपर्यंत सरकत राहतं. चॅटबॉटशी रोज बोलणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला हा सिनेमा २०१४पेक्षा जास्त बोचेल.

पायरी तिसरी: 'द मार्शन', आणि विज्ञानाच्या चुका काढण्याचा वाद

आता मंगळावर जायला हरकत नाही. रिडली स्कॉटचा हा २०१५चा सिनेमा सहकुटुंब बघता येतो. अँडी वीअरने मूळ कादंबरी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट टाकली होती. वाचकांनी त्यातल्या तांत्रिक चुका दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या. त्या घडणीचा परिणाम सिनेमात दिसतो: नायक मार्क वॉटनी सतत हिशेब करतो. किती दिवस, किती उष्मांक, किती बटाटे.

सगळ्यात छान प्रसंग पाणी बनवण्याचा. बटाट्याला पाणी हवं, आणि मंगळावर आहे ते पुरणार नाही. मग इंधनातल्या हायड्रॅझिनपासून हायड्रोजन काढायचा आणि तो जाळायचा, म्हणजे पाणी. कागदावर सोपं. प्रत्यक्षात स्फोट होऊन गडी उडून पडतो, कारण आपण सोडलेल्या श्वासातल्या ऑक्सिजनचा हिशेब धरायला तो विसरलेला असतो. मग तो कॅमेऱ्यासमोर बसून चूक समजावून सांगतो आणि परत कामाला लागतो. विज्ञान म्हणजे काय, हे शाळेत जे वर्षभरात कळत नाही ते या दोन-तीन मिनिटांत कळतं.

आता वाद. सिनेमा सुरू होतो तोच वादळाने: वारा इतका भयंकर की यान आडवं व्हायची वेळ येते. मंगळावर हे होणं शक्य नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. वाऱ्याला वेग असला तरी ढकलायला वजन नाही; धूळ उडेल, यान हलणार नाही. लेखकाला हे माहीत होतं. नायकाला एकटं पाडायला काहीतरी हवं होतं म्हणून त्याने ते जाणूनबुजून ठेवलं.

तुमच्या कंपूत एक जण हमखास असतो, जो एवढ्यावर सिनेमा नापास करतो. त्याला सूट आणि चूक यातला फरक सांगा. वादळ ही सूट आहे, एकदा घेतलेली, तीही गोष्ट सुरू करायला. तशाच अशक्य वादळाने शेवटी नायकाला वाचवलं असतं तर ती फसवणूक झाली असती. सुरुवातीला योगायोगाने संकटात पडलेलं चालतं. शेवटी योगायोगाने सुटलेलं चालत नाही. हा निकष मी तरी सगळीकडे लावतो.

पायरी चौथी: 'अरायव्हल'

माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांतला सगळ्यात चांगला सायफाय. डेनी विलनव्हने २०१६मध्ये टेड चँगच्या कथेवरून केलेला. जगात बारा ठिकाणी बारा परग्रही यानं येऊन उभी राहतात. बंदुका बाजूला ठेवून लुईस बँक्स या भाषाशास्त्रज्ञ बाईला बोलावलं जातं. लढाई जवळजवळ नाहीच. ज्यांना परग्रहवासी म्हटलं की धडाधडी हवी असते ते कंटाळतात, आधीच सांगून ठेवतो.

यातला फळ्याचा प्रसंग बघा. कर्नल वैतागलाय: तुम्ही त्यांना बालवाडीचे शब्द का शिकवत बसलात? लुईस बँक्स फळ्यावर एक प्रश्न लिहिते: पृथ्वीवर येण्याचा तुमचा उद्देश काय? आणि मग तो सोलून दाखवते. आधी प्रश्न म्हणजे काय हे त्यांना कळायला हवं. मग 'तुमचा' म्हणजे त्या एकट्याचा की सगळ्यांचा. मग उद्देश ठेवून वागणं ही गोष्ट त्यांच्यात आहे की ते नुसतेच आपोआप वागतात. आणि एवढं करून, आलेलं उत्तर आपल्याला समजायला हवं. कर्नल गप्प होतो. परग्रहवासी फाडफाड इंग्रजी बोलतात असले सिनेमे यानंतर बघवत नाहीत.

यातला 'समजा' मोठा आहे: भाषा शिकली की काळाकडे बघण्याची रीतच बदलते. भाषेचा विचारांवर थोडाफार परिणाम होतो हे बरेच अभ्यासक मानतात. भाषा विचारांना पूर्ण बांधून टाकते, हे आज सहसा कुणी मानत नाही. म्हणजे 'मार्शन'च्या वादळासारखीच ही सूट. पण त्या सूटीवर उभं काय केलंय बघा! शेवटी लुईस एक निर्णय घेते आणि तो एका जवळच्या माणसाला वेळेवर सांगत नाही. तिने बरोबर केलं का? या प्रश्नावर मी नवराबायकोंना कडाकडा भांडताना बघितलंय.

सिनेमा संपला की लगेच 'एंडिंग एक्सप्लेन्ड' छापाचे व्हिडिओ लावू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पहिली पाच मिनिटं पूर्ण वेगळी दिसतील.

पायरी पाचवी: आता लावा 'इंटरस्टेलर'

मोठ्या पडद्यावर परत लागला तर तिथेच. नाहीतर घरात अंधार करून, चांगल्या स्पीकरवर. संवाद संगीतात बुडतात, तेव्हा सबटायटल्स हवीतच.

पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नियम एका वाक्यात सांगितला. आता गुणाकार करून बघा: तिथला दीड सेकंद गेला की इकडचा एक दिवस संपलेला असतो. म्हणून त्या गुडघाभर पाण्यातला प्रत्येक क्षण जिवावर येतो. सव्वातीन-साडेतीन तासांत परत आल्यावर यानात मागे राहिलेला सहकारी म्हातारपणाकडे झुकलाय, तेवीस वर्षं उलटलीत, आणि नायक कूपर बसून मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक बघतो. नियम पाळला की रडू आपोआप येतं, ते हे असं.

भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न या सिनेमाचे सल्लागार होते. कृष्णविवराचं चित्र त्यांच्या समीकरणांवरून बनवलं गेलं. त्यांना पुढे २०१७मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालं. मराठी वाचकाला हे जग अगदीच परकं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या कथेचं नावच 'कृष्णविवर' होतं, आणि नावामुळे झुकतं माप मिळू नये म्हणून ती त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. पहिलं बक्षीस मिळालंच.

वाद अर्थातच शेवटच्या भागावर. पुस्तकांच्या कपाटामागचं ते सगळं नियमात बसतं की नाही? बसतं म्हणणाऱ्यांकडे मुद्दे आहेत. मला ते पटत नाहीत, आणि प्रेम हीसुद्धा मोजता येणारी शक्ती असावी अशा अर्थाचं ब्रँड या अंतराळवीर बाईचं भाषण तर मी दर वेळी पाणी प्यायला उठायची वेळ समजतो. तरीही पहिले दोन तास असे आहेत की बाकीचं माफ.

'ड्यून', 'कल्की' आणि हे सायफाय आहे का?

'ड्यून'चे दोन भाग (२०२१, २०२४) शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा. फोनवर बघणार असाल तर नका बघू. वाळूतले अजस्र किडे, राजघराणी, भविष्यवाण्या. याला सायफाय म्हणायचं की भविष्यात नेऊन ठेवलेली राजेरजवाड्यांची गोष्ट? मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्यात कमीपणा मानत नाही. नाग अश्विनचा 'कल्की २८९८ एडी' (२०२४) याच रांगेतला. अमिताभचा अश्वत्थामा जबरदस्त, सुरुवातीचा तासभर मात्र ढिला. चाचणी सोपी आहे: गोष्टीतलं विज्ञान काढून टाका आणि काय उरतं बघा. 'मार्शन'मधून काढलं तर नुसता भुकेला माणूस उरतो. 'कल्की'मधून काढलं तर महाभारत उरतं, तेही चांगलं धडधाकट.

आपल्याकडचं काय?

हा प्रश्न कुणी विचारलाच की लोक 'कोई मिल गया' म्हणून विषय संपवतात. त्यापुढे बरंच काही झालंय. आरती कडव यांचा 'कार्गो' (२०१९) शोधून बघा. विक्रांत मॅसी आणि श्वेता त्रिपाठी. प्रहस्त नावाचा राक्षस अंतराळयानात एकट्याने नोकरी करतोय. मेलेली माणसं त्याच्याकडे माल म्हणून येतात. त्यांच्या सामानाची नोंद करायची, जखमा बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुनर्जन्माला रवाना करायचं. बटणं आणि पडदे जुन्या दूरदर्शनच्या काळातले वाटतील असे, आणि कारभार तालुक्याच्या कचेरीसारखा कंटाळवाणा. पुराणातली नावं 'कल्की'तही आहेत आणि इथेही. पण मेल्यावर पुसून टाकलेला माणूस तोच राहतो का, हा प्रश्न 'कार्गो' सोडत नाही, म्हणून माझ्या लेखी सायफाय तो.

मल्याळममध्ये 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५' (२०१९) आहे. मुलगा नोकरीसाठी रशियाला जातो आणि गावातल्या हट्टी म्हाताऱ्या बापाच्या देखभालीला यंत्रमानव आणून ठेवतो. बाप आधी वैतागतो, मग त्यालाच मुलासारखा जीव लावतो. ज्यांची पोरं परदेशी आहेत आणि घरात फक्त आईवडील, अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांनी हा सिनेमा मुलं सुट्टीवर आली की एकत्र बघावा. पुढचं संभाषण आपोआप होईल.

तमिळ 'मानाडू' (२०२१) धमाल म्हणून. एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणारा नायक आपण इतरत्रही बघितलाय. इथे खलनायकही त्याच फेऱ्यात अडकतो आणि त्यालाही सगळं आठवत असतं. मराठीत सुजय डहाकेचा 'फुंतरू' (२०१६) झाला. कल्पना धाडसाची, हाताळणी अर्धीकच्ची, पण कुणीतरी करून बघितलं. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या कथांचा साठा असताना मराठी निर्माते तिकडे बघत का नाहीत, हे मला खरंच कळत नाही.

बघायची आणि भांडायची पद्धत

चार-पाच जण पुरेत. दहा जमले की गप्पा होतात, सिनेमा होत नाही. हिंदी डबिंग 'मार्शन'ला चालून जाईल. 'अरायव्हल' आणि 'एक्स माकिना' मूळ भाषेतच बघा. कुठला सिनेमा कुठल्या ओटीटीवर आहे हे दर काही महिन्यांनी बदलतं, तेव्हा त्या दिवशी शोधून घ्या. भाड्याने बहुतेक मिळतात.

संपल्यावर आधी प्रत्येकाने एका वाक्यात या सिनेमाचा 'समजा' सांगायचा. इथेच निम्मे वाद उघडे पडतात, कारण दोघांनी दोन वेगळे सिनेमे बघितलेले असतात. मग नियम कुठे मोडला ते दाखवायचं, प्रसंगासकट. "लॉजिक नाही यार" एवढं म्हणून उठायला बंदी. आणि आकडेवारीची ढाल नको: कमाई, ऑस्कर, रेटिंग यांनी कुठलाच वाद जिंकता येत नाही. दिसण्यानेही नाही: यंत्रमानवांवरचा 'द क्रिएटर' (२०२३) दिसायला अफाट आहे, तोही तुलनेने साध्या कॅमेऱ्यावर चित्रित केलेला. पण त्यातली यंत्रं माणसांपेक्षा वेगळी कशात आहेत, हे मला तरी शेवटपर्यंत सापडलं नाही.

राहिला 'टेनेट' (२०२०). मुंबईत, गेटवे आणि कुलाब्याच्या परिसरात चित्रित झालेला, डिंपल कापडियाची झकास भूमिका असलेला, म्हणून आपल्याला जवळचा. पण वर्षभर हे सगळं बघून झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर कागद-पेन घेऊन बसा: कोण सुलट्या काळात चाललाय आणि कोण उलट्या, एवढंच लिहा, बाकी सोडून द्या.

पुढची निवड आवडीप्रमाणे. 'कोहिरन्स' आवडला असेल तर 'प्रीडेस्टिनेशन' (२०१४), कथासार न वाचता. 'मार्शन' आवडला असेल तर 'ग्रॅव्हिटी' (२०१३), फक्त ९१ मिनिटं. 'अरायव्हल' आवडला असेल तर 'एक्स माकिना'वाल्या गार्लंडचा 'अॅनिहिलेशन' (२०१८), पण त्यातला अस्वलाचा प्रसंग भयानक आहे, रात्री एकट्याने नको. पोरांना सोबत घेऊन बघायचं असेल तर 'द वाइल्ड रोबॉट' (२०२४): बेटावर अडकलेली रॉझ नावाची रोबो हंसाच्या पिल्लाला वाढवते. त्याला उडायला शिकवायचं काम तिच्यावर येतं, आणि स्वतः उडता येत नसताना ते कसं शिकवायचं यावर आमच्याकडची पोरं मोठ्यांपेक्षा मुद्देसूद भांडली.